कार्यकारणाच्या गणितातून क्वांटमचं वेगळेपण कसं उघड होतं?

कळमन्यात आणि अमरावतीत संत्र्याचे भाव एकदमच चढले, तर एका बाजाराने दुसऱ्याला चढवलं किंवा दोन्हीमागे गारपिटीसारखं एकच कारण आहे, असं आपण धरतो. जॉन बेलने १९६४ मध्ये हाच तर्क गुंतलेल्या कणांना, म्हणजे दूर असूनही ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळलेली निघतात अशा कणांना, लावला. दोन्हीकडे काय मोजायचं ते स्वतंत्रपणे ठरवलं, तर निव्वळ सामाईक कारणाने दोन्हीकडचे निकाल किती जुळतात ते सांगणारा सीएचएसएच हा आकडा २ च्या वर जात नाही. क्वांटममध्ये २.८३ पर्यंत जातो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांवर २.४२ मिळाला, तोही एकाकडून दुसऱ्याकडे प्रकाशाचा निरोप पोचण्याआधी!

मला त्याहून मोलाचं वाटतं वुड आणि स्पेकेन्स या भौतिकशास्त्रज्ञांचं काम: एका कणाकडून दुसऱ्याकडे छुपा निरोप जातो असं मानलंच, तर तो कधी दिसू नये म्हणून कार्यकारणाच्या मॉडेलमधले आकडे ओढूनताणून अगदी नेमके जुळवावे लागतात.