वाचकांचे प्रश्न : नेपाळच्या शांतता करारावरील देखरेख

प्रश्न : नेपाळमधील यादवी युद्ध संपल्यावर माओवाद्यांची शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ठेवली गेली, पण शस्त्रकोठारांच्या किल्ल्या मात्र माओवाद्यांकडेच राहिल्या, असे वाचले. मग त्या देखरेखीला अर्थ तो काय उरला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि ही व्यवस्था विचारपूर्वक ठरवलेली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झालेले हे युद्ध २१ नोव्हेंबर २००६ च्या सर्वसमावेशक शांतता कराराने संपले, तेव्हा दोहोंपैकी कोणताही पक्ष रणांगणावर हरलेला नव्हता. त्यामुळे माओवाद्यांनी शस्त्रे सरकारच्या स्वाधीन करावीत, ही अट मान्य होण्यासारखीच नव्हती. त्याऐवजी सात मुख्य छावण्यांमध्ये शस्त्रे कंटेनरमध्ये ठेवून कुलूपबंद करण्यात आली आणि नेपाळी सैन्यानेही तितकीच शस्त्रे काठमांडूच्या छाउनी बराकीत तशाच व्यवस्थेत ठेवली. किल्ली ज्याची त्याच्याकडे राहिली. मात्र प्रत्येक शस्त्राची नोंद, कॅमेरे, कुलूप उघडताच वाजणारा भोंगा आणि चोवीस तासांचा पहारा हे सारे संयुक्त राष्ट्रांच्या हाती होते.

सुरक्षा परिषदेने २३ जानेवारी २००७ रोजी ठराव क्रमांक १७४० अन्वये स्थापन केलेल्या या मिशनचे (नेपाळमध्ये त्याला ‘अनमिन’ म्हणत) निरीक्षक निःशस्त्र होते आणि त्यांची संख्या जास्तीत जास्त १८६ ठरली होती. कोणी बळजबरीने कंटेनर फोडला असता, तर त्यांना तो रोखता आला नसता. परंतु ती गोष्ट लपून राहिली नसती, आणि या व्यवस्थेचे खरे बळ तेथेच होते. वर्षानुवर्षे एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन सैन्यांना समोरचा चोरून शस्त्रे काढील ही धास्ती असते. ती धास्ती गेली की आपणही आधीच शस्त्र उचलावे, हा मोह कमी होतो. दोन्ही सैन्यांचे अधिकारी ज्या संयुक्त समितीत बसत, तिचे अध्यक्षपद मिशनकडे होते. उल्लंघनाच्या तक्रारी तेथेच मांडल्या जात. माझ्या मते ही समिती कॅमेऱ्यांहून अधिक मोलाची ठरली.

खरी दुबळी बाजू माणसांच्या मोजणीत होती. छावण्यांत सुरुवातीला ३२,२५० जणांची नोंद झाली आणि पडताळणीनंतर १९,६०२ जण लढवय्ये म्हणून पात्र ठरले. अपात्र ठरलेल्या ४,००८ जणांपैकी २,९७३ जण युद्धविरामाच्या वेळी अल्पवयीन होते. पडताळणी २००७ च्या अखेरीस पूर्ण झाली होती, तरी त्यांची सुटका २०१० च्या आरंभी झाली. मिशनला हा आकडा सिद्ध करता आला, पण त्या मुलांना छावणीबाहेर काढण्याचा अधिकार नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ पक्षांच्या राजकारणात ती अडकून पडली, हे अक्षम्य आहे. पुढे मे २००९ मध्ये माओवाद्यांचे नेते प्रचंड यांची एक जुनी ध्वनिचित्रफीत उघडकीस आली. आपले लढवय्ये प्रत्यक्षात सात-आठ हजारच होते, असे ते तीत आपल्या कार्यकर्त्यांना सांगत होते. तेव्हापासून मिशनच्या पडताळणीवर संशय घेतला जाऊ लागला. १५ जानेवारी २०११ रोजी मिशन परतले. छावण्या नेपाळी सैन्याच्या ताब्यात २०१२ मध्ये आल्या. सुमारे १,४०० जण सैन्यात सामावले गेले आणि बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला.

प्रश्न : युद्धात बेपत्ता झालेल्यांचा शोध या देखरेखीत होता का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : नाही. बेपत्ता आणि मृत व्यक्तींची नावे साठ दिवसांत जाहीर करण्याचे वचन दोन्ही पक्षांनी करारात दिले होते. पण ‘अनमिन’चे काम शस्त्रे, सैन्ये आणि संविधान सभेची निवडणूक यांपुरतेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मात्र चिकाटीने तपास केला. काठमांडूतील महाराजगंज बराकीतून नाहीशा झालेल्या ४९ जणांविषयी आणि बर्दिया जिल्ह्यातील अशाच घटनांविषयी त्याने अहवाल प्रसिद्ध केले. ते कार्यालयही २०११ च्या अखेरीस बंद झाले. साठ दिवसांचे वचन पाळले गेले नाही. सत्यशोधन आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध यांसाठी दोन आयोग नेमले गेले तेच २०१५ मध्ये, म्हणजे करारानंतर आठ वर्षांहून अधिक काळाने, आणि त्यांपैकी पहिल्याकडेच साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या.