सोलापुरात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत निळा डॅमसेल मासा नव्या क्लाउनफिशला जगू देत नाही, काय करू?

ही भाऊबंदकीच म्हणायची, कारण दोघे एकाच कुळातले. डॅमसेल आधी आला, त्याने कपार धरली, आता आजूबाजूची जागा त्याच्या सातबाऱ्यावर चढलीय.

त्याला जाळीने पकडून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घाला आणि आठवडाभर त्याच टाकीत ठेवा. तेवढ्यात दगडांची रचना पार बदला. हद्दीच्या खुणा पुसल्या की गुर्मी बरीच उतरते. नाहीच उतरली, तर वेगळी टाकी.

माझ्याकडे काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा डॉमिनो डॅमसेल होता. आणला तेव्हा रुपयाएवढा, गोंडस. पुढे काच पुसायला हात घातला की अंगठ्यालाच येऊन डसायचा! हा 14 सेंमीपर्यंत वाढतो, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. शेवटी परत देऊन आलो.

पुढच्या वेळी डॅमसेल सगळ्यात शेवटी सोडा. किंवा हिरवा क्रोमिस घ्या, तोही डॅमसेलच, पण स्वभावाने बराच शांत.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) 1.025च्या आसपास हवी. पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा टाकीबाहेर लावा, आपल्या कोरड्या हवेत तो चांगला गारवा देतो.