थोरलीचा अभ्यास आणि धाकट्याची झोप

प्रश्न : कर्नाटकातील खानापूर तालुक्यात आमचे दोन खोल्यांचे घर आहे. थोरली यंदा एसएसएलसीला (म्हणजे दहावीला) आहे, मधला 8 वर्षांचा आणि धाकटा 3 वर्षांचा. संध्याकाळी धाकटा तिची पुस्तके ओढतो आणि ती चिडते. मधला मात्र कसलाच त्रास देत नाही. सासूबाई सोबत असतात. काय करावे?

उत्तर : ताई, आधी धाकट्याची झोपेची वेळ ठरवा. या वयात दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास झोप लागते. तो रात्री साडेआठला झोपला, तर थोरलीला सलग दोन तास मिळतील आणि तिलाही किमान 8 तासांची झोप हवी असल्याने मध्यरात्रीपर्यंत जागण्याची वेळ येणार नाही. तोवर त्याच्यापुढे परातभर चुरमुरे आणि एक वाटी ठेवा (नंतर केर काढावा लागेल, हे खरे). मला अधिक काळजी वाटते ती मधल्याची, कारण त्रास न देणाऱ्या मुलाकडे पाहायचे आपण सहज विसरतो. मराठी शाळेत त्याला कन्नडही शिकावे लागत असेल; बाजाराला जाताना त्याला एकट्यालाच सोबत न्या, दुकानांच्या कन्नड पाट्या त्याच्याकडून वाचून घ्या आणि तेवढा वेळ धाकट्याला सासूबाईंकडे सोपवा.