ड्वार्फ म्हणजे नुसती दाढी आणि कुऱ्हाड?

प्रश्न : दादा, आम्ही पाच जण रविवारी विश्रामबागेत मित्राच्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा फाशांचा खेळ. मी पहिल्यांदाच ड्वार्फ (बुटक्या, काटक लोकांतलं पात्र) घेतलाय पण तो काही केल्या वेगळा वाटंना, दाढी, कुऱ्हाड, दारू, संपला विषय. त्यात एक जण म्हणतो ड्वार्फचा स्पीड एका खेपेला २५ फूट, दुसरा म्हणतो ३०. आणि फायटर (लढवय्या) सोडून दुसरं काही जमतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : स्पीडवरनं भांडू नका रे, दोघंही बरोबर आहेत. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाच्या नियमांच्या पुस्तकात) २५ आहे, २०२४च्यात ३०. अंधारात दिसायचं पण तसंच, जुन्यात ६० फूट, नव्यात १२०. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून एकच पुस्तक धरा, नाहीतर दर रविवारी हाच राडा.

जुनं धरलं तर मी म्हणेन हिल ड्वार्फ (ड्वार्फचीच एक पोटजात) क्लेरिक (देवाच्या ताकदीनं मंत्र टाकणारा) कर, फायटर काय सगळेच घेतात. पात्राच्या सहा गुणांना १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे वाटताना १५ विस्डमला (शहाणपण) आणि १४ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा) टाक, ड्वार्फचे बोनस धरून दोन्ही १६ होतात आणि पहिल्याच लेव्हलला १२ हिट पॉइंट (मार सोसायची ताकद). लाइफ डोमेन (क्लेरिकची एक शाखा) घेतलंस तर चेनमेल (कड्यांचं जड चिलखत) पण घालता येतं. त्याला एरवी स्ट्रेंग्थ १३ लागते, नाहीतर स्पीड १० फुटानं उतरतो, पण ड्वार्फला जड चिलखतानं फरकच पडत नाही, म्हणजे स्ट्रेंग्थला ८ टाकून बिनधास्त फिर की. फक्त गुपचूप जायची वेळ आली की तुझाच खळखळाट होणार.

आता वेगळेपणाचं. त्याला कुऱ्हाडीच्या आधी हाताला काम दे. पुस्तकात लोहार, गवंडी नाहीतर बिअर गाळणाऱ्याची अवजारं मिळतात, शिवाय गिल्ड आर्टिझन बॅकग्राउंड (पात्राचा आधीचा धंदा) घेतलं की अजून एक कारागिरी मिळते, तिथं लाकूडकाम घे. आणि तुझ्या शेजारी मिरज आहे की लेका! सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बघ, तंबोऱ्याची जवारी काढताना माणूस घोडी (तारांखालची पट्टी) जरा घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो, घाई म्हणून नाही. हा तुझा ड्वार्फ. हे लोक साधारण ३५० वर्षं जगतात, पन्नाशीपर्यंत पोरच धरतात, तर याला दीडशेचा कर. यानं एका गवयाला तंबोरा करून दिलेला, तो गवई कधीच गेला, आता त्याचा पणतू तोच तंबोरा दुरुस्तीला घेऊन आलाय, आणि पणजोबाचा आवाज कसा होता हे सांगणारा जगात हा एकटाच उरलाय. गवयाला दिलेला एखादा शब्द पाळायचा राहिलाय असं पण ठेव, पण तो शब्द फक्त डीएमला सांग, बाकीच्या पोरांना नको.

दाढी राहू दे, दाढीनं काय बिघडत नाही. दारूचं म्हणशील तर जवारीच्या कामाला हात थरथरून भागत नाही, त्यामुळं हा थेंबसुद्धा घेत नाही असं ठरवलंस तरी डीएम ना म्हणणार नाही.