दुरुस्तीच्या काळात मिळालेली बदली इलेक्ट्रिक गाडी 80 च्या वर जातच नाही. असं करता येतं का?

तुम्ही विचारलंय की बॅटरीच्या कामासाठी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, तिच्या बदल्यात मिळालेली गाडी 80 ला अडकते, पिकअपही दाबून ठेवल्यासारखा वाटतो, तर हे त्यांना करता येतं का आणि ती मर्यादा काढून मिळेल का.

करता येतं. काढून बहुतेक मिळणार नाही. आधी खाली उतरून नंबरप्लेट बघा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी खासगी पासिंगची, पिवळी असतील तर टॅक्सी पासिंगची. टॅक्सी पासिंगला 80 चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग त्याच्या वर जाऊ न देणारा नियंत्रक, कायद्यानेच लागतो आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी नेली की तो बघतात. सर्व्हिस अॅडव्हायझरच्या हातात त्यातलं काही नसतं, त्यामुळे त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. मी ओरडलो होतो.

गेल्या डिसेंबरात माझ्या गाडीने घरच्या चार्जरवर चार्ज घेणं सोडलं. फास्ट चार्जरवर निमूट घ्यायची, घरी प्लग लावला की नुसती टिकटिक. ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे घरची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा गाडीतला भाग, गेला होता. पार्ट यायला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले, लागले 19. बदली गाडी मिळाली ती टॅक्सीवाल्यांसाठी निघालेली छोटी सेदान. चावी देताना तिथल्या पोराने एवढंच सांगितलं, "सर, एसी जरा बेताने लावा, रेंज कमी आहे." गव्हर्नरबद्दल अवाक्षर नाही. आणि कर्वेनगर ते हिंजवडी या रस्त्यावर 80 लागतो कुणाला? आठवडाभर मला पत्ताच नव्हता.

मग रविवारी डोंबिवलीला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा. गाडीत मी, बायको, सासरे आणि आमचे साडूभाऊ. साडूभाऊ डिझेलवाले. 2021 मध्ये मी ही गाडी बुक केली तेव्हापासून ते माझ्या प्रत्येक बिघाडाची वाट बघत असतात, त्यामुळे त्या दिवशी स्वारी खुशीत होती. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर उर्से टोलनाका सोडल्यावर मला कळलं की गाडी 80 ला थांबते. मला वाटलं इको मोड असेल. सगळी बटणं दाबून बघितली. शेजारून साडूभाऊ म्हणाले, "अरे, 80 झाले की प्रत्येक नवी गाडी बीप करते. सरकारच सांगतंय, पुरे म्हणून." बीप खरा आहे, जुलै 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना आहे, पण तो सूचना देतो. ॲक्सिलरेटर हातातून काढून घेत नाही. पायातून म्हणा.

घाट उतरताना आणखी एक गोष्ट कळली. माझ्या गाडीत पाय उचलला की रीजेन, म्हणजे मोटरच गाडीला रोखून वीज परत बॅटरीत भरते ते ब्रेकिंग, गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही. या गाडीचं रीजेन अगदी नावाला. पहिल्याच वळणावर पाय उचलला आणि गाडी धावतच राहिली. सासऱ्यांनी वरचं हँडल पकडलं ते खोपोली येईपर्यंत सोडलं नाही.

खरा प्रकार खोपोलीच्या पुढे, सपाटीला झाला. मधल्या लेनमध्ये एक कंटेनर चालला होता, साधारण 75 ने. मी उजवीकडे घेतली आणि पुढे काढायला लागलो. आता हिशोब बघा. फरक ताशी 5 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर. कंटेनरची लांबी आणि मागे-पुढे सोडायचं अंतर मिळून 60 मीटर धरले तर 43 सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तुम्ही जवळजवळ एक किलोमीटर त्या कंटेनरला खेटून पळत असता. तेच 95 ने काढलं असतं तर 11 सेकंदांत मोकळा. एक्सप्रेसवेवर कारला 100 ची परवानगी आहे, म्हणजे मी काही रेस लावत नव्हतो. मागे एक पांढरी एसयूव्ही अप्पर-डिप्पर मारत बंपरला चिकटलेली. डावीकडे कंटेनरची चाकं, मागे ही, आणि माझा पाय तळाला टेकलेला असून काटा 80 वर गोठलेला. अर्ध्यात सोडून मागे यावं तर मागची एसयूव्ही जागा देईना. बायको म्हणाली, "अहो, घेतलीत कशाला मग?" यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाही. गाडी 80 च्या वर जात नाही हे कळूनही मी ओव्हरटेकला घेतली, ती चूक माझीच.

साखरपुड्याला पोचलो तर मुहूर्त टळून बारा मिनिटं झालेली. तिथे जेवणाच्या पंगतीत साडूभाऊंनी सगळ्यांसमोर हिशोब मांडला. सपाटीचा रस्ता पन्नास किलोमीटर धर, 100 ने अर्धा तास, 80 ने साडेसदतीस मिनिटं. फरक साडेसात मिनिटांचा, बाकी उशीर शीळफाट्याच्या कोंडीने केला. यात खोट काढता येत नाही. वेळ वाचवायला 80 च्या वर जायचं असेल तर तुमची तक्रार फुसकी आहे, हे तुम्हालाही सांगतो. पण मी वेळेबद्दल बोलतच नव्हतो. मी त्या 43 सेकंदांबद्दल बोलत होतो. ते त्यांनी अजून ऐकून घेतलेलं नाही.

वर त्यांनी म्हण टाकली. "धर्माची गाय अन् दात का नाय." सगळे हसले. मला राग आला तो इथे. धर्माची कुठे? एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना बदली गाडीची सोय आहे म्हणून मी जास्तीचं पॅकेज घेतलं होतं, पावती आहे. मोटार दुरुस्तीला 19 दिवस लावून वर उपकाराची भाषा ऐकून घ्यायची ही आपल्याकडची जुनी सवय आहे. गव्हर्नरला माझा विरोध नाही. माझी एकुलती एक मागणी आहे की चावी देताना एका वाक्यात सांगा, ही 80 च्या वर जाणार नाही, एक्सप्रेसवेला नेणार असाल तर डावीकडून चाला. टेस्लाच्या गाड्यांत व्हॅले मोड असतो, गाडी पार्किंगवाल्याच्या हाती देताना लावायचा. तो लावला की गाडी 70 मैलांच्या, म्हणजे 113 किलोमीटरच्या वर जात नाही, ताकदही कमी होते, आणि मालकाला ते आधीपासून ठाऊक असतं, कारण तोच लावतो. मर्यादा अशी असावी. चालवणाऱ्याला ती कंटेनरच्या शेजारी कळता कामा नये.

तुमच्या पिकअपचं राहिलं. टॅक्सीसाठी निघणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांची मोटर मुळात लहान असते, त्यामुळे दाबून ठेवल्यासारखं वाटतं ते दरवेळी कुणी दाबलेलं असतंच असं नाही. पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कायद्याचा गव्हर्नर नाही, म्हणजे कुणीतरी सॉफ्टवेअरमधून मर्यादा लावली असणार किंवा गाडीतच काही बिघाड असून ती स्वतःला जपत असणार. डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह, म्हणजे गाडीने ताकद कमी केल्याची खूण, किंवा तसला काही इशारा आहे का बघा. असेल तर गाडी लगेच परत करा, हायवेला नेऊ नका. नसेल तर लेखी विचारा की मर्यादा कुणी लावली आणि का. व्हॉट्सअॅपवर चालेल, फोनवर नको.

कायमचा नंबर नसलेली डेमो गाडी देत असतील तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात पडेल. मी वर पाटीचा नियम सांगितला तो टॅक्सी पासिंगपुरता आहे, आणि तुमच्या करारात बदली गाडी "उपलब्धतेनुसार" असं लिहिलं असेल तर त्यांना कसलीही गाडी देता येते, तेवढं आधी वाचून भांडायला जा. माझ्यात तसंच लिहिलं होतं, हे मला नंतर दिसलं. साडूभाऊंना अजून सांगितलेलं नाही.

आणि चार्जिंग किती टक्के होतं त्याचा घेताना फोटो काढा. मला 38 टक्क्यांवर दिली होती, मी 90 करून परत केली, तरी बिलात "चार्जिंग शुल्क" लावलं होतं. ते मात्र भांडून काढून घेतलं.