उतरणीचे दुखणे तिसऱ्या दिवशी का?

प्रश्न : माझे वय ५२ आहे. गेल्या रविवारी आम्ही डोंगरमाथ्यावर वाहनाने गेलो आणि तेथून सुमारे दोन तास पायी उतरून खाली आलो. वाटेत धाप लागली नाही, पायही दुखले नाहीत. मंगळवारी मात्र मांड्या इतक्या आखडल्या की खुर्चीत बसताना हातांचा आधार घ्यावा लागला. स्नायूंत साचलेले लॅक्टिक ॲसिड हे त्याचे कारण आहे असे मित्र सांगतात. ते खरे आहे का? आणि अशा वेळी व्यायाम करावा की विश्रांती घ्यावी?

उत्तर : लॅक्टिक ॲसिडचे हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते, परंतु ते चुकीचे आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच पत्रात दडलेले आहे. रक्तातील लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे शरीरात आढळणारे रूप, लक्षणीय वाढते ते धाप लागण्याइतक्या जोरकस श्रमांत. आपल्याला तर धापच लागली नव्हती. शिवाय कितीही दमछाक झाली तरी वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीच्या जवळ येते, कारण हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात व यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. रविवारचे लॅक्टेट मंगळवारपर्यंत उरतच नाही.

खरे कारण उतरण्याच्या क्रियेत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत, म्हणजे लांबीने कमी होत, शरीर वर उचलतो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो, आणि तोच स्नायू ताठ राहून शरीराचे वजन सावरत असतानाच लांबवला जातो; तो जणू ब्रेकचे काम करतो. स्नायुतंतूंच्या आत मायोसिन या प्रथिनाचे सूक्ष्म हात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना पकडून ओढत असतात. स्नायू लांबवला जात असताना हे हात बाहेरच्या बळानेच सुटतात, त्यामुळे इंधन कमी लागते आणि थोड्याच तंतूंकडून मोठे बळ मिळते. १९५२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने ते रोखून धरायचे. दोघांचे बळ आणि वेग सारखा असूनही रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याला धाप का लागली नाही याचे उत्तर त्यात आहे.

मात्र ही काटकसर स्नायूला महाग पडते. थोड्या तंतूंवर मोठा भार आला, की त्यांच्यातील काही भाग प्रमाणाबाहेर ताणले जातात आणि त्यांची अंतर्गत रचना ठिकठिकाणी विस्कटते. असे दुखणे स्नायूच्या आत झालेल्या बारीक इजांमुळे होत असावे, हा विचार थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडला होता. इजेनंतर दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो, थोडी सूज येते, आणि तेथे निर्माण होणाऱ्या रसायनांमुळे मज्जातंतूंची टोके हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच असे दुखणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते, आणि स्वस्थ बसल्यावर फारसे न जाणवता दाबल्यावर किंवा हालचाल केल्यावर जाणवते.

आता व्यायामाविषयी. सपाटीवर सावकाश चालण्यास हरकत नाही. त्याने तेवढ्यापुरते बरेही वाटते. स्नायूंना ताण देण्याच्या व्यायामाने हे दुखणे फारसे कमी होत नाही. चार-पाच दिवसांत ते बहुधा आपोआप ओसरेल, तोवर जोराचे व्यायाम टाळावेत. परंतु लघवी चहासारखी गडद झाली, सूज वाढत गेली किंवा पायातील शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटल्यास मूत्रपिंडांना धोका पोहोचतो.

याच दुखण्यातून शरीराला संरक्षणही मिळते. तीच उतरण काही आठवड्यांनी पुन्हा उतरलात, तर दुखणे स्पष्टपणे कमी असेल. म्हणून पुढच्या वेळी आधीचे काही आठवडे थोडे थोडे जिने उतरण्याचा सराव ठेवावा. या बाबतीत जिने चढण्याचा सराव पुरेसा ठरत नाही.

प्रश्न : तीन आठवड्यांपासून मी वजने उचलतो. पूर्वीपेक्षा जास्त वजन सहज उचलता येते, पण दंडाचा घेर मुळीच वाढलेला नाही. असे का?

उत्तर : पहिल्या काही आठवड्यांत शक्ती वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. मेंदू आणि मेरुरज्जू अधिक तंतूंना एका वेळी कामाला लावू लागतात, आणि उलट दिशेने ओढणारे स्नायू अनावश्यक विरोध करीत नाहीत. येल विद्यापीठातील संशोधकांनी १८९४ साली दाखवून दिले की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या हाताची शक्तीही काही प्रमाणात वाढते. त्या दुसऱ्या हाताच्या स्नायूने तर काहीच उचललेले नसते. घेरात डोळ्यांना दिसणारा फरक पडायला बहुधा दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा सराव सोडू नये.