मेळघाटातलं आमचं घर: जंगलात सेवेला निघालेल्या एका कुटुंबाला उत्तर

तुम्ही विचारलंय: "आम्ही नवरा-बायको ख्रिस्ती सेवेसाठी दुर्गम जंगलात राहायला जायचा विचार करतोय. मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, निसर्गाच्या सान्निध्यात वाढतील. अशी कुटुंबं तिथे राहतात कशी? भीती वाटत नाही का?"

मी तशाच घरात वाढले, म्हणून लिहिते. मेळघाट, चिखलदरा तालुका, हतरूच्या बाजूचं एक कोरकू गाव. नाव मुद्दाम देत नाही, ३८ उंबऱ्यांचं गाव, लोक लगेच ओळखतील. बाबा सुवार्तिक, आई नर्स. १९८२ साली गेलो तेव्हा मी तीन वर्षांची होते. धाकटा भाऊ तिथेच झाला.

निसर्गाचं सान्निध्य म्हणजे आमच्याकडे आधी पाणी. पावसाळ्यात ते इतकं की रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, नदी गेली की आठ-आठ दिवस एसटी नाही, मीठ संपलं तर संपलं. फेब्रुवारी सरला की तीच नदी वाहायची थांबते. मग पात्रातल्या वाळूत झिरा उकरायचा. खांद्यापर्यंत हात आत गेला की वाळू गार लागते, तळाशी पाणी जमायला लागतं. पहिलं पाणी गढूळ, ते उपसून फेकायचं. दुसरंही. तिसऱ्यांदा झरतं ते नितळ, ते वाळू न ढवळता वाटीवाटीने गुंडात भरायचं. मे महिन्यात एक गुंड भरायला पाऊण तास जायचा. घराला रोज सहा गुंड लागत, कुणाचं बाळंतपण असलं की आठ. रात्री रानडुकरं येऊन झिऱ्याचा चिखल करून जात, म्हणून सकाळी पुन्हा नवा झिरा. ते काम आईचं होतं, आणि मी सहा वर्षांची झाल्यापासून माझंही. वाघाची भीती वाटायची का, असं लोक मला आजही विचारतात. पाण्याचं कुणी विचारत नाही.

आई कोरकू शिकली ती झिऱ्यावर, बायकांच्या रांगेत बसून. 'डा' म्हणजे पाणी, हा तिचा पहिला शब्द. बाबा शिकले पुस्तकातून. कोरकूंमध्ये मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहे, आणि त्यातल्याच जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने १९०३ साली कोरकूचं व्याकरण छापलं होतं. बाबांकडे त्याची झेरॉक्स होती, कडा उंदरांनी खाल्लेली. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, गोंडीशीही तिचं नातं नाही. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' लावलं की अनेकवचन. बाबांचं कोरकू व्याकरणशुद्ध होतं आणि पोथीतल्यासारखं वाजायचं. ते बोलायला लागले की म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आईचं अर्धंमुर्धं होतं, पण तिला उत्तर मिळायचं.

घर कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर कवेलू. माकडं कवेलूवर उड्या मारत, म्हणून दर जूनमध्ये घर नव्याने शाकारायचं. गावाची बरीचशी जमीन वनखात्याची, त्यात १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प, त्यामुळे पक्कं प्रार्थनाघर कधी बांधलंच नाही. रविवारची उपासना आंब्याखाली व्हायची. बाबा बुधवारी निघायचे ते शनिवारी परतायचे. सहा गावं, सगळी पायी, कारण तिथल्या घाटात सायकल तुम्हालाच खांद्यावर घ्यावी लागते. त्यांच्या चालण्याबद्दल मंडळीत आजही कौतुकाने बोलतात, आणि ते खरंच कौतुकाचं होतं. पण बुधवार ते शनिवार घरात कोण होतं, तेही तुम्ही लक्षात घ्या.

वाघ मी तिथल्या वर्षांत दोनदा पाहिला, दोन्ही वेळा त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भीती अस्वलाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री गळतात आणि पहाटे वेचायची असतात, आणि अस्वलालाही नेमकी तीच हवी असतात. अंधारात वाकून फुलं वेचणारा माणूस आणि खाली मान घालून फुलं खाणारं अस्वल एकमेकांसमोर येतात आणि दोघंही घाबरतात. अस्वल थेट तोंडावर येतं.

मी आठ वर्षांची असताना एकाला असाच आणला. कपाळापासून मागे कातडी सोलून लोंबत होती. बाबा फिरतीवर. आईने चुलीवर पाणी ठेवलं, सुई-दोरा उकळला, आणि टॉर्च माझ्या हातात दिली. एका हाताने टॉर्च, दुसऱ्या हाताने वरच्या माश्या हाकलायच्या. माझा हात थरथरला की ती मान वर न करता "उजेड" एवढंच म्हणायची. जखम धुताना त्यातून मोहाचं एक फूल निघालं, पिवळट, अगदी अख्खं. ते मला चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतं. टाके कामचलाऊ होते, रक्त थांबवण्यापुरते. नंतर खाटेला बांबू बांधून त्याला चौघांनी सडकेपर्यंत नेलं, तिथून लाकडाच्या ट्रकमधून परतवाड्याला. तो वाचला. एक डोळा गेला.

अशा रात्री किती झाल्या याची नोंद कुठे नाही, आणि यावर माझा राग आहे. बाबांना संस्थेकडे दरवर्षी अहवाल पाठवावा लागे. त्यात रकाने ठरलेले: किती गावांना भेटी, किती उपासना, किती पत्रकं वाटली, किती बाप्तिस्मे. छापून यायचं तेव्हा आईचा उल्लेख 'आणि त्यांच्या पत्नी' असा. पगार एकाचाच होता, बाबांचा. एका वर्षी बाबांनी समासात लिहून पाठवलं, 'बाळंतपणे ४१'. उत्तर आलं की कृपया विहित नमुन्यातच माहिती भरावी. बाबांनी ते पत्र आईला दाखवलं. ती हसली आणि त्यावर डाळ निवडायला घेतली. मला आजही हसू येत नाही. तुमच्या बाबतीत कोण कशाचं काम करणार आणि कागदावर कुणाचं नाव असणार, हे निघण्याआधी लिहून घ्या.

भुमकांबद्दल, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूंबद्दल, तुम्ही काही ऐकलं असेल, आणि डंब्याबद्दलही. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने पोटावर डाग द्यायचे, त्याला डंबा म्हणतात. पहिल्या वर्षी आई त्यावर भांडली. परिणाम एवढाच झाला की बायकांनी तिला बोलावणं बंद केलं, डाग चालूच राहिले. मग तिने गावातल्या म्हाताऱ्या दाईशी सौदा केला: आधी तीन दिवस माझं, मग तुझा विळा. तीन दिवस आईचं दूध, बाळाला उबेत ठेवणं, गरज पडली तर औषध. बहुतेक पोटं तेवढ्यात उतरायची आणि विळा आढ्यालाच राहायचा. पण एका बाळाचा जीव त्या तीन दिवसांतच गेला. दोष आईवर आला. दोन महिने आमच्या अंगणात कुणी फिरकलं नाही. आंब्याखालीसुद्धा कुणी नाही, बाबा रविवारी आम्हा तिघांसमोरच वचन वाचायचे.

ते दोन महिने संपवले भुमक्याने. एका पोराला विंचू चावला होता. भुमक्याने मंत्र म्हटले, राख लावली आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आता याला सिस्टरबाईकडे न्या. स्वतः मागून चालत आला आणि आमच्या ओट्यावर विडी ओढत बसला. आईकडे तेव्हा विंचवावर फारसं काही नव्हतं. प्राझोसिन या औषधाचा त्यावरचा उपयोग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर याच सुमाराला दाखवून देत होते, आमच्या पेटीत ती गोळी यायला बरीच वर्षं गेली. पोरगं त्याच्या नशिबाने जगलं. दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर आईला जागा मिळाली. पुढे सरकारनेही मेळघाटात भुमकांना रुग्ण दवाखान्यात पाठवण्यासाठी सोबत घेतलं, ते वाचून मला त्या विडीचा वास आला.

आता धर्मांतराचं, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी खाली कुणीतरी विचारणारच. चौदा वर्षांत ११ जणांनी बाप्तिस्मा घेतला, त्यातले दोघं पुन्हा कोरकूंच्या मुठवादेवाकडे गेले. बाबा त्यांच्याकडे पूर्वीसारखेच जेवायला जायचे. आईचा एक नियम होता: औषधाच्या पेटीजवळ पत्रकं ठेवायची नाहीत. ताप उतरलेल्या माणसाला त्याच बैठकीत येशूबद्दल सांगायचं नाही, तो उपकाराखाली असतो. यावरून दोघांची भांडणं व्हायची, कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. बाबांचं म्हणणं की मग सांगायचं कधी? आई म्हणे, तो विचारेल तेव्हा. मला आईचं पटतं. बाबांना शेवटपर्यंत पुरतं पटलं नाही, पण पेटीजवळ पत्रकं आली नाहीत. होळीनंतर बायका फगवा मागायला आमच्याही दारी येत आणि बाबा पाच रुपये देत. एका वडीलधाऱ्या पाळकांना ते रुचलं नव्हतं.

आणखी एक, कारण यावर अफवा फार असतात: अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींसाठी आहे. गावात कुणी याबद्दल विचारलं तर तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे.

मुलांचं. पहिली नऊ-दहा वर्षं मजेत गेली, हे खोटं कशाला बोलू. झाडावर चढणं, चारोळी फोडून खाणं, पाऊस पडला की बांबूचे कोवळे वास्ते आणणं, कुटकीचा भात. नाताळला बांबूच्या कामट्यांची चांदणी करून आत कंदील टांगायचो आणि गावचे ढोल रात्रभर वाजायचे, ज्यांचा नाताळ नव्हता त्यांचेही. पण गावातली शाळा चौथीपर्यंत होती आणि गुरुजी पावसाळ्यात येत नसत. १९८९ मध्ये मला खालच्या एका शहरातल्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या मुली मला 'जंगली' म्हणायच्या. आईची आंतरदेशीय पत्रं पावसाळ्यात तीन-तीन आठवड्यांनी यायची, एकदा दोन एकदम आली आणि मी नंतरचं आधी वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'भावाचा ताप आता उतरला'. ताप आला होता हे मला त्यानंतर कळलं.

दोन वर्षांत माझं कोरकू गेलं. सुट्टीत आले की मैत्रिणी बोलायच्या आणि मी मराठीत उत्तर द्यायचे. दिवाळीनंतर तर त्याही नसत, अर्धं गाव मजुरीला सपाटीवर उतरलेलं असे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली. आता ती आशा कार्यकर्ती आहे, आणि गरोदर बायकांची नावं आईसारखीच वहीच्या मागच्या पानापासून लिहिते. ती माझी नाही, आईची शिष्या.

१९९३ मध्ये मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या देशभर पोचल्या आणि गावात जीपगाड्या दिसायला लागल्या. आई झोळीच्या काट्यावर बाळं कधीपासून तोलत होती. तिची वही एका साहेबांनी पाहायला नेली, ती परत आली नाही. १९९६ मध्ये तिला मेंदूचा मलेरिया झाला, बाबा वाटेत असताना. भावाने आणि भुमक्याच्या मुलाने तिला सडकेपर्यंत आणलं. ती बरी झाली, पण आम्ही परत गेलो नाही.

तुम्ही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आता बऱ्याच गावांत सौर दिवे आहेत, रस्ते बरे आहेत, टेकडीवर चढलं तर फोन लागतो. काही गावं व्याघ्रप्रकल्पातून बाहेर हलवलीत, त्यामुळे आधी गाव कुठे आहे आणि तिथेच राहणार आहे का, ते विचारा. नऊ वर्षांच्या मुलाचं पाचवीचं काय, ते आत्ताच ठरवा, तिथे गेल्यावर नाही. बायकोला नर्सिंग वगैरे येत असेल तर तिचं मानधन वेगळं मागा, सेवा आहे म्हणून लाजू नका.

आणि पाहायला जायचं तर ऑगस्टमध्ये जाऊ नका. तेव्हा मेळघाट इतका हिरवा असतो की कुणीही हो म्हणेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जा, मुलांना घेऊन, निदान आठ दिवस. मुक्कामी गाडीची वेळ परतवाडा स्टँडवर विचारून घ्या, आणि सोबत मीठ जास्तीचं ठेवा.